दाजींना पडलेले प्रश्न

पुणे, ९ जून २०२४

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू "जेवलास का" विचारतेस, मी "हो" म्हणतो, तेवढ्यात मागे तुझ्या वसतिगृहाची घंटा वाजते आणि आपलं बोलणं संपतं. आजची बातमी तेवढ्यात मावणारी नाही. शिवाय आईला फोनवरचं खरं वाटत नाही, कागदावरचं वाटतं. गावी डोंगरकड्याला जाशील तेव्हा तिला हे दाखव.

तर मी कोच झालो. आमच्या क्लबनं यंदा मुलींचा संघ काढला आणि तो माझ्या हाती दिला. आता मी गोलमध्ये उभा राहणार नाही, बाकाजवळ उभा राहणार, गळ्यात शिट्टी अडकवून. मालक प्रेमसिंगजी म्हणाले, "रत्नपाल, अब तुम खेलोगे नहीं, खिलाओगे." बढतीच म्हणायची.

आई अजून सगळ्यांना सांगते की पोरगं पुण्यात कंपनीत आहे. तिला एकदा नीट समजावून सांग. आयटीआय करायला म्हणून मी इथं आलो आणि फुटसालला लागलो. फुटसाल म्हणजे हॉलमधला फुटबॉल. एका बाजूला पाच जण, त्यातला एक गोलकीपर. चेंडू लहान, जड, कमी उसळणारा. त्यावर पोट भरणारे राज्यात फार थोडे, त्यातला मी एक. दिल्लीला खेळलो, दोन हंगाम मालदीवला खेळलो. तिथून तुला शंखांची माळ आणली होती, ती तू कधी घातलेली मी बघितली नाही.

दाजींना जयभीम. खांबावर जपून चढा म्हणावं.

तुझा,
रत्नपाल


जवळा बाजार, २३ जून

चि. रत्नपाल यास,
अनेक आशीर्वाद.

अभिनंदन. आईला पत्र दाखवलं. तिनं दोनदा वाचलं आणि म्हणाली, "एवढं वावर पडलंय, मंग पोरगं खोलीत काहून खेळून राहिलं?" मी समजावून दमले. शेवटी म्हणाली, "कोच म्हंजे मास्तर ना? मंग बराबर हाय. मास्तरला ऊन लागू नये."

शिट्टीबद्दल तू लिहिलंस, ग्लोव्हजबद्दल एक अक्षरही नाही. असो.

तुझे दाजी सध्या तुझ्या खेळाच्या फार नादी लागले आहेत. दिवसभर महावितरणच्या खांबांवर असतात, संध्याकाळी मोबाइलवर तुझे जुने सामने बघत बसतात. त्यांना एक प्रश्न पडला आहे. एवढ्याशा जागेत माणसांनी उभं राहायचं कुठं? सगळे चेंडूमागं धावतात आणि एकमेकांवर आदळतात, म्हणजे आदळत असतील, असं ते म्हणतात. तू चित्र काढून पाठव. मोबाइलवर नको, तो दिवसभर त्यांच्याकडं असतो. कागदावर काढ. कागद मोठा घे आणि जाड रेघ मार, लांबून दिसली पाहिजे.

शंखांची माळ मी घालते. तू बघितलं नाहीस, एवढंच.

तुझी,
ताई


पुणे, ५ जुलै

प्रिय ताई,
जयभीम.

सोबत चित्र आहे. दाजींना लांबून दिसायला हवं असेल तर आधी त्यांचा चष्मा बदल.

दाजींना सांग, पतंग आठवा. एक खेळाडू मागं, दोघं दोन बाजूंना, एक पुढं. चौघांनी मिळून हवेतला पतंग. गोलकीपर त्याची शेपटी. चेंडू एका कोपऱ्यात गेला की अख्खा पतंग तिकडं कलतो, पण त्याचा आकार मोडत नाही. चेंडू दिला की जिथं होतो तिथं थांबायचं नाही, लगेच दुसऱ्या कोपऱ्यात सरकायचं. चेंडूमागं एकानंच जायचं. बाकीच्यांनी मोकळ्या जागेमागं जायचं. एवढं जमलं तर निम्मा खेळ जमला.

माझं विचारशील तर बाकाजवळ उभं राहणं भलतं अवघड निघालं. काल सरावात आमच्या गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला आणि मी बाहेरूनच झेप घेतली. शिट्टी दातांत होती. ओठ सुजला आहे. पोरी उंच आहेत, चांगल्या शिकलेल्या आहेत, इंग्रजीत भांडतात. मी मराठीत शिट्टी वाजवतो.

आईला केळीला खत घालायचं होतं, ते झालं का?

तुझा,
रत्नपाल


जवळा बाजार, २८ जुलै

चि. रत्नपाल यास,
आशीर्वाद.

पतंग पोचला. दाजी खूश आहेत. सुरुवातीला पतंगाचा पार चेंडू झाला होता, म्हणजे त्यांच्या डोक्यात. आता आकार धरायला लागला आहे.

इकडं पावसानं काळ्या मातीचं लोणी केलं आहे. पाय घातला की चप्पल तिथंच राहते. कॉलेजच्या मुली संध्याकाळी बाहेर जाऊ शकत नाहीत आणि वसतिगृहात बसून एकमेकींची डोकी खातात. गृहपाल म्हणून त्यांची भांडणं सोडवणं हेच माझं काम होऊन बसलं आहे. आमच्या स्वयंपाकाच्या अनुसयाबाई तुझी आठवण काढतात. मागच्या वेळी आलास तेव्हा तू किती भाकरी खाल्ल्यास ते त्या अजून नव्या मुलींना सांगतात.

दाजींचा पुढचा प्रश्न असा. गोलकीपरनं फरशीवर पडायचं कसं? लागू नये आणि लगेच उठता आलं पाहिजे. माणूस चाळिशी ओलांडलेला, अंगानं भरलेला आणि याआधी कधी मुद्दाम न पडलेला असेल तर काय करावं? लवकर लिही.

तुझी,
ताई


पुणे, १२ ऑगस्ट

प्रिय ताई,
जयभीम.

तुझं पत्र वाचल्यापासून मला दाजींची काळजी वाटून राहिली आहे. लाइनमन माणूस पडायचं कसं हे काहून विचारतो? खांबावर चढायची भीती बसली आहे का? त्यांच्या साहेबांशी बोल, त्यांना थोडे दिवस ऑफिसातलं काम मिळतं का बघ. आणि ते अंगानं भरले कधी? मी बघितले तेव्हा काठीसारखे होते. शेवटच्या ओळीत तू एक शब्द गिरवून गिरवून खोडला आहेस. मी उजेडाला धरून बघितला. "साडी" असा वाटतो. घरात सगळं ठीक आहे ना?

विचारलंच आहे म्हणून सांगतो. भरल्या पोत्यासारखं धपकन पडायचं नाही. आधी गुडघ्यात वाकून जमिनीजवळ जायचं, म्हणजे पडायला फार उरतच नाही. मग अंग कुशीवर लाटत न्यायचं. आधी पिंढरी, मग मांडी, मग कंबर, मग खांदा. तळहात आधी टेकवायचा नाही, मनगट जातं. नजर शेवटपर्यंत चेंडूवर. आणि मुख्य म्हणजे लाजायचं नाही. मोठ्या माणसांना पडताना लागत नाही, पडल्यावर कुणी बघितलं का हे बघताना लागतं.

दाजींना नीट सांग की यातलं काहीही खांबावर उपयोगाचं नाही. तिथं पट्टाच बांधायचा.

आमच्या पोरी आता माझं ऐकायला लागल्या आहेत. मला त्यांच्यासारखं "स्प्रेड आउट" म्हणता येत नाही, म्हणून मी "पतंग" ओरडतो. आता त्याही ओरडतात.

तुझा,
रत्नपाल


जवळा बाजार, २० सप्टेंबर

चि. रत्नपाल यास,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. दाजी धडधाकट आहेत. साडीबद्दल तू चुकीचं वाचलंस. तो शब्द "सारखं" होता.

तू सांगितलंस तसं पडून बघितलं. म्हणजे दाजींनी बघितलं. पहिल्या दिवशी उठवायला तिघी लागल्या, आता आपलं आपण उठणं होतं.

ओमप्रकाश शेठचं जिनिंगचं गोदाम आहे ना, बाजारतळापलीकडचं, ते कापूस येईपर्यंत मोकळंच असतं. फरशी गुळगुळीत, वर पत्रा, पावसाचा थेंब नाही. दाजींना संध्याकाळी पाय मोकळे करायला तिथं जागा मिळाली आहे. शेठ म्हणाले, "ताई, दिवाळीपर्यंत गोदाम तुमचं. कापसाची पहिली गाडी दारात लागली की मात्र तुमचं सामान बाहेर." भला माणूस आहे. रोज खुर्ची टाकून बघत बसतो.

आता प्रश्न. दाजींनी एका सामन्यात बघितलं की हरत आलेला संघ शेवटी गोलकीपरला बाहेर घेतो आणि त्याच्या जागी पाचवा खेळाडू पुढं पाठवतो. मग गोल रिकामाच राहतो. हा काय प्रकार आहे? आणि समोरच्यानं तेव्हा काय करावं?

तुझी,
ताई


पुणे, २ ऑक्टोबर

प्रिय ताई,
जयभीम.

दाजींची नजर चांगली आहे. त्याला पॉवर प्ले म्हणतात. वेळ संपत आली आणि आपण मागं असलो की हा जुगार खेळतात. त्यांचे चौघं बचावाला, आपले पाच हल्ल्याला, त्यामुळं कुणीतरी मोकळं सापडतं. मी स्वतः असे बरेच सामने वाचवलेले बघितले आहेत आणि यंदा आमच्या पोरींकडून तो घोटून घेतला आहे.

समोरच्यानं काय करावं? घाबरू नये. चौघांनी एकमेकांजवळ राहावं, चेंडूमागं सुटू नये. आणि चेंडू आपल्या गोलकीपरच्या हाती लागला तर तिनं तो खाली ठेवून सरळ समोरच्या गोलात मारावा. हातानं फेकलेला धरत नाहीत, पायानंच मारायचा. मैदानाची लांबी ती केवढी, शाळकरी पोरगीही मारील. पण मारत कुणीच नाही, कारण घाबरलेल्या माणसाला समोरचा रिकामा गोल दिसतच नाही. ही गोष्ट मी आमच्याच क्लबात कुणाला सांगितलेली नाही. दाजी घरचे म्हणून सांगितली.

आता माझी बातमी. या महिन्याच्या शेवटी नांदेडला राज्यातल्या चार महिला संघांची निमंत्रित स्पर्धा आहे. खुला गट आहे. आम्ही जाणार. प्रेमसिंगजींनी साफ सांगितलं, "कप लाओ, नहीं तो अगले साल कोई और लाएगा." त्यामुळं हसत लिहितो आहे, पण झोप नीट लागत नाही. नांदेड तुला जवळ. तू कधी मला खेळताना बघितलं नाहीस, निदान खेळवताना तरी बघ. येशील?

तुझा,
रत्नपाल


जवळा बाजार, ११ ऑक्टोबर

चि. रत्नपाल यास,
आशीर्वाद.

येते. धपाटे आणते.

मालकाचं ते बोलणं मला माहीत नव्हतं. चांगला खेळव. तू आपलं काम कर, मी माझं करते.

तुझी,
ताई


पुणे, ४ नोव्हेंबर

ताई,

जयभीम नंतर घालतो, आधी भांडतो.

सामन्याच्या सकाळी तू हॉलच्या दारात उभी. हातात डबा, गळ्यात शंखांची माळ. माझा ऊर भरून आला. मी पोरींना बोलावून म्हणालो, "ही माझी ताई. खास मला बघायला आली." पोरी तुझ्या पाया पडल्या. तू त्यांना धपाटे वाढलेस. "घ्या गं, लेकरांनो, अजून घ्या," म्हणून आग्रह केलास. उपांत्य सामन्याला तासभर असताना माझ्या पोरींनी तुझे धपाटे पोटभर खाल्ले, लोण्यासकट, आणि मी, प्रशिक्षक, शेजारी उभा राहून हसत होतो.

मग तू डबा बंद केलास आणि हॉल ओलांडून समोरच्या बाकावर जाऊन बसलीस. मला वाटलं, ताई चुकली. मी हातवारे करून "इकडं ये, इकडं" असं सांगत राहिलो. पंचांनी मला ताकीद दिली.

हिंगोली जिल्ह्याचा संघ म्हणून कागदावर नाव होतं, तेव्हा मी म्हणालो होतो की आपल्याकडच्या पोरी आहेत, फार गोल घालू नका, जरा सांभाळून घ्या. त्या पोरी तुझ्या मागून एका रांगेत आत आल्या. आणि रांगेच्या शेवटी, काळ्या ट्रॅकसूटमध्ये, केसांवर जाळी लावून, अनुसयाबाई.

शिट्टी वाजली आणि माझ्यासमोर पतंग उभा राहिला. माझा पतंग. मी माझ्या पोरींना ओरडलो, "पतंग!" तर दोन्ही संघ सरकले. तुझी ती कप्तान, आकांक्षा, माझ्या पोरींच्या आधी तिथं पोचत होती. ती डावखुरी पुसेगावची, आरोही, तिनं पहिला गोल केला तेव्हा मला आनंद झाला, ताई. हात वर गेले होते माझे. प्रेमसिंगजींनी ते बघितलं.

आम्ही एका गोलानं मागं. शेवट जवळ आला. मी गोलकीपर बाहेर घेतली. तेवढ्यात माझी नजर तुझ्याकडं गेली आणि तू पदरानं तोंड झाकलंस. तेव्हा मला सगळं कळलं. दाजी कळले, साडी कळली, गोदाम कळलं. मी "थांबा" म्हणेपर्यंत चेंडू अनुसयाबाईंच्या पोटाशी होता. त्यांनी तो खाली ठेवला. घाई नाही, गडबड नाही, जशी परात खाली ठेवावी तसा ठेवला. आणि लाथ घातली. तो माझ्या समोरून गेला. हळूच गेला, थेट आमच्या रिकाम्या गोलात. मी त्याच्याकडं बघत उभा राहिलो.

सामना संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमी लिवलं व्हतं तसंच पडले. काईच लागलं न्हाई." मी म्हणालो, "छान पडलात."

मी तुला सगळं दिलं आणि तू मला साधं सांगितलं नाहीस. आता पत्र लिहू नकोस. दाजींना माझा जयभीम सांगू नकोस.

रत्नपाल


जवळा बाजार, १२ नोव्हेंबर

चि. रत्नपाल यास,
आशीर्वाद.

लिहू नकोस म्हणालास, पण लिहिते. दाजींवर राग धरू नकोस. त्या बिचाऱ्याला यातलं काही माहीत नाही. परवा मी त्यांना विचारलं, फुटसाल म्हणजे काय, तर म्हणाले, "नवी वायर आली का?"

सुरुवात जूनमध्ये झाली. पावसात मुली कोंडल्या होत्या. भोजनकक्षात कुणीतरी चेंडू मारला आणि ट्यूबलाइट फुटली. मी ओरडायला आत गेले. कोण म्हणून विचारलं तर आरोही पुढं आली, डोळ्यांत पाणी. मला ओरडायचं होतं, आणि तोंडातून आलं, "पुन्हा मार बघू." त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं.

तुला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गाडीत बसून आला असतास. मुली तुझ्याभोवती जमल्या असत्या आणि मी पाण्याची कळशी घेऊन कडेला उभी राहिले असते. त्यात वाईट काही नाही. पण एकदा मला बघायचं होतं, माझ्या शब्दावर मुली धावतात का. धावल्या. अनुसयाबाई तर पडल्याही.

आणि तूही मला सगळं कुठं सांगितलंस? बढती नव्हती ती. तुझ्या जागी दुसरा गोलकीपर घेतला, म्हणून तुझ्या गळ्यात शिट्टी घातली. ग्लोव्हजबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस तेव्हाच मला कळलं. मी वाट बघितली, तू कधीतरी लिहिशील म्हणून.

अंतिम सामन्यात आमचा पार धुव्वा उडाला. तुला कळलं असेल. तुझ्या पत्रांत जेवढं होतं तेवढं उपांत्य सामन्यातच संपलं होतं.

धपाट्यांबद्दल मात्र माझं मन साफ आहे. मी तुझ्या पोरींना उपाशी ठेवायचं का?

तुझी,
ताई


जवळा बाजार, ८ डिसेंबर

चि. रत्नपाल यास,
आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. फोन केला तर "मीटिंगमध्ये आहे" म्हणालास, आणि मागं कोंबडा आरवला. पुण्यात आता मीटिंगलाही कोंबडा असतो वाटतं.

कापूस आला. शेठनं शब्दाप्रमाणं आमचे गोल बाहेर काढून दिले, वर स्वतः हळहळत उभे राहिले. आता पुन्हा भोजनकक्षात, टेबलं भिंतीला लावून सराव चालतो. अनुसयाबाई एका डोळ्यानं चेंडू बघतात आणि एका डोळ्यानं डाळ. आकांक्षा विचारते, पुढं काय शिकायचं? मी म्हणते, थांबा. मलाच माहीत नाही.

तुझी,
ताई


पुणे, १६ डिसेंबर

प्रिय ताई,
जयभीम.

राग गेला. फार काम आहे म्हणून लिहिलं नाही. क्लबात सगळं मजेत. प्रेमसिंगजी खूश आहेत. पोरी चांगल्या तयारीत आहेत. पुण्यात थंडी पडली आहे. तू काळजी करू नकोस आणि इतक्यात पुण्याला पत्र पाठवू नकोस, मी खोली बदलतो आहे.

तुझा,
रत्नपाल


जवळा बाजार, २१ डिसेंबर

चि. रत्नपाल यास, मु. पो. डोंगरकडा,
आशीर्वाद.

पत्ता बघून चपापला असशील. तुझ्या पुण्याच्या पत्रावर डोंगरकड्याच्या पोस्टाचा शिक्का आहे.

मग आईला फोन केला. ती म्हणाली, "महिना झाला पोरगं येऊन राहिलं. सुट्टी हाय म्हनतं. सरिताला सांगू नको म्हनतं, म्हून सांगितलं न्हाई. दिसभर केळीत फिरतं आन् केळीच्या खांबांला बोट दाखवून सांगतं, तू इकडं सरक, तू तिकडं जा. मला तर काई तरी तकलीफ वाटून राहिली."

मी प्रेमसिंगजींना फोन लावला. त्यांना वाटतं, भावाबहिणीनं मिळून सामना ठरवला होता. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, पतंग, पडणं, साडी, सगळं. खांबावरून पडायचं आलं तेव्हा ते इतके हसले की फोन दुसऱ्याच्या हाती दिला. पुन्हा घेतला आणि म्हणाले, "लड़का सच्चा है, मैंने गलत समझा." पण तुझ्या जागेवर दुसरा माणूस रुजू झाला आहे. त्याला काढा असं मी म्हणू शकले नाही. तूही म्हणाला नसतास.

रत्नपाल, तुझं काम माझ्यामुळं गेलं. मला ते आधी माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर तुझ्या ऑक्टोबरच्या पत्रात मालकाचं बोलणं वाचलं, तेव्हा दोन दिवस मी गोदामाकडं फिरकले नाही. पण मुलींना "हरा" असं मी सांगू शकले नसते, आणि आजही सांगणार नाही. तुला वाईट वाटेल, पण हे असंच आहे.

आता ऐक. औंढ्याच्या एका कॉलेजला खेळ शिकवणारा माणूस हवा आहे. हॉल बांधून तयार आहे, आत लोकांनी लग्नाच्या खुर्च्या ठेवल्या आहेत. मी तुझं नाव सांगितलं. नांदेडच्या सामन्याबद्दल त्यांनी ऐकलं होतं. हरलेला कोच चालेल का विचारलं, तर प्राचार्य म्हणाले, "दोन्ही बाजू त्यांनीच शिकवल्या असतील तर हरले कुठं?" सोमवारी जाऊन भेट.

संध्याकाळी मात्र इकडं ये. आमच्या संघात गोलकीपरला शिकवणारं कुणी नाही. मुख्य मी. तू सहायक. हे कबूल असेल तर ये. नसेल तरी ये, इथं आल्यावर भांडू.

तुझी,
ताई


जवळा बाजार, १९ जानेवारी २०२५

प्रिय आई,
जयभीम.

हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नकोस, तूच वाच. अक्षर मोठं काढलं आहे. यात एक गोष्ट फक्त तुझ्यासाठी आहे.

कॉलेजचं काम लागलं. हॉलमधल्या खुर्च्या काढायलाच आठवडा गेला. आता ताईच्या मुली सरावाला तिथंच येतात. दाजी त्यांना त्यांच्या ऑफिसच्या ओळखीतल्या एका टेम्पोनं पाठवतात. दाजींना आता फुटसाल म्हणजे काय ते कळलं आहे. त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, खराखुरा त्यांचा. "यात लाइट गेली तर खेळ कुणी जिंकला धरायचा?"

सहायक होणं सोपं नाही, आई. पहिल्या दिवशी मी अनुसयाबाईंना म्हणालो, चेंडू आला की एक पाऊल पुढं या. त्या म्हणाल्या, "सर, पत्रात तर तुमी गोलकीपर म्हंजे शेपटी म्हनून लिवलं व्हतं. शेपटी मागंच ऱ्हाती ना?" मी म्हणालो, ते सुरुवातीला, आता पुढचा धडा. त्या ताईकडं बघून म्हणाल्या, "मॅडम, घेऊ का एक पाऊल?" ताईनं मान हलवली, तेव्हा त्यांनी घेतलं. दुसऱ्या दिवशी मी बाकावरून जरा जास्त ओरडलो, तर ताईनं मला पाणी भरायला पाठवलं. खरंच पाठवलं. मी कळशी घेऊन गेलो. परत आलो तर आकांक्षा आणि आरोही हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या. मीही हसलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसलो असेन.

आता ती गोष्ट. काल सराव संपल्यावर मी ग्लोव्हज घातले. बऱ्याच दिवसांनी. मुलींनी एकेक करून मारले आणि मी सगळे अडवले. छाती जरा फुगली. मग आरोही म्हणाली, "मॅडम, आता तुमी." ताई नको नको म्हणाली. तिनं आजवर कुणासमोर चेंडूला पाय लावलेला नाही. साडी नेसून, चप्पल घालून ती फक्त बोलते. मुली ऐकेनात. शेवटी तिनं चप्पल काढली, पदर खोचला आणि आली.

तुला आठवतं का, आपल्या गोठ्याच्या भिंतीपुढं ती मारायची आणि मी अडवायचो. मी तेव्हा केवढासा होतो. पुढं मी पुण्याला गेलो आणि ती डीएडला गेली, आणि तिनं पुन्हा कधी मारला नाही.

तिनं दोन पावलं मागं घेतली. मला वाटलं उजवीकडं मारील. ती तशीच वळली होती. आणि चेंडू माझ्या डाव्या हाताखालून आत गेला. मुलींनी हॉल डोक्यावर घेतला. अनुसयाबाईंनी ताईला उचललं. ताई खाली उतरली, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "माझ्यासाठी सोडलास ना? सोडायला नको होतास."

मी फक्त एक डोळा मिचकावला. रात्री जेवताना ती दाजींना सांगत होती, "माझा भाऊ मनानं मोठा आहे." दाजींनी मला आणखी एक भाकरी वाढली.

आई, तिला हे कधी सांगू नकोस. मी सोडला नव्हता. होता नव्हता तेवढा जोर लावून उडी मारली होती.

तुझा,
रत्नपाल